डोंगर आणि वादळ : छेदचित्रांच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ ऑक्टोबर

काम ठरलं. पर्वतरांगा आणि वादळं यांचं नातं दाखवणारी मोठ्या आकाराची उभी छेदचित्रं, प्रत्येकासोबत एक पानभर टिपण आणि विद्यार्थ्याला वहीत करता येईल असं एखादं गणित. वाचक म्हणजे भूगोल शिकवणारे आणि शिकणारे.

भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र सगळ्यांना पाठ असतं. समुद्रावरून बाष्प घेऊन वारा येतो, डोंगराला धडकतो, वर चढतो, थंड होतो, पाऊस पडतो, पलीकडे पर्जन्यछाया. त्यात खोटं काही नाही. पण ते पावसाचं चित्र आहे, वादळाचं नाही. तासन् तास पडणारी संततधार आणि पंधरा किलोमीटर उंच चढून गारा फेकणारा ढग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच चित्रात बसवल्या, की डोंगराचं काम म्हणजे हवेला वर ढकलणं, एवढंच डोक्यात राहतं.

गडगडाटी वादळाला तीन गोष्टी लागतात: खालच्या थरात पुरेसं बाष्प, वरच्या हवेत अस्थिरता (म्हणजे एकदा उचललेली हवा आपोआप वर चढत राहील अशी स्थिती) आणि सुरुवातीला वर ढकलणारं काहीतरी. वादळ संघटित होऊन टिकायचं असेल, तर चौथी गोष्टही लागते. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलायला हवा. पर्वत या चारही गोष्टींत हात घालतो, आणि बऱ्याचदा स्वतःपासून शेकडो किलोमीटर लांब. संचाचा कणा हाच ठेवायचा.

९ ऑक्टोबर

पहिलं गणित: डोंगर हवेला किती जोरात वर ढकलतो?

वारा सेकंदाला १० मीटर. उतार १:२०, म्हणजे वीस मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ. हवा उताराला धरून चढली, तर वर जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. मोठ्या हवामान प्रणालींमध्ये हवा साधारणपणे सेकंदाला एक ते पाच सेंटिमीटर या गतीने वर सरकते. त्या मानाने अर्धा मीटर म्हणजे दहा ते पन्नास पट. डोंगर खरंच जोरात ढकलतो.

आता दुसरी बाजू. प्रबळ वादळात ढगाच्या आत वर चढणारा प्रवाह सेकंदाला ३० ते ५० मीटरपर्यंत जातो. हा वेग डोंगर देत नाही. तो हवेतल्या अस्थिरतेतून येतो. दर किलो हवेमागे २,५०० ज्यूल ऊर्जा उपलब्ध असेल, तर सिद्धांताप्रमाणे कमाल वेग म्हणजे ५,००० चं वर्गमूळ, सेकंदाला सुमारे ७१ मीटर. आजूबाजूची कोरडी हवा मिसळणं आणि पाण्याचं वजन यांमुळे प्रत्यक्षात तो निम्म्याच्या आसपास उतरतो.

म्हणजे डोंगराचा धक्का वादळाच्या शक्तीपुढे किरकोळ आहे. तरी वादळं डोंगराजवळच का उठतात? सगळा संच या प्रश्नाचं उत्तर असावा. तो पहिल्या चित्राच्या वर मोठ्या अक्षरांत छापायचा.

१० ऑक्टोबर

ढगाच्या पायाची उंची काढायची सोपी रीत टिपणात घातली: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाला १२५ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये येतं. तापमान ३०, दवबिंदू २२, फरक ८, पाया सुमारे १,००० मीटरवर. पुढच्या सगळ्या चित्रांत हेच आकडे वापरायचे, म्हणजे विद्यार्थ्याला एकाच हवेची गोष्ट शेवटपर्यंत नेता येईल.

१४ ऑक्टोबर

दुसरं चित्र, तापलेल्या उताराचं. हे मला सर्वांत आवडतं. यात बाहेरून वारा यावाच लागत नाही.

सकाळी ऊन उतारावर पडतं. उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा तापते. त्याच उंचीवर, पण दरीच्या मधोमध लटकलेली मोकळी हवा जमिनीपासून लांब असते. ती तशीच थंड राहते. एकाच पातळीवर एकीकडे गरम आणि दुसरीकडे थंड हवा आली, की दाबात फरक पडतो आणि हवा उताराकडे ओढली जाऊन वर सरकू लागते. दरीतून वर जाणारे हे दरीय वारे. रांगेच्या दोन्ही उतारांवर हे घडतं, आणि दोन्हीकडून चढलेली हवा माथ्यावर एकमेकींना भिडते. आता तिला वर जाण्यावाचून वाट नाही.

म्हणून उन्हाळ्यात उंच रांगांच्या माथ्यावर दुपार व्हायच्या आधीच कापसासारखे ढग दिसू लागतात. दुपारी त्यांचे गडगडाटी ढग होतात, तेव्हा शेजारच्या मैदानावर आकाश अजून निरभ्र असतं. रॉकी पर्वतात गिर्यारोहकांना दुपारच्या आधी शिखर सोडून खाली यायला सांगतात, ते याच कारणाने.

३,००० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असतो. तिथली तापलेली जमीन म्हणजे वातावरणाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नेऊन ठेवलेला उष्णतेचा स्रोत. मैदानावरच्या गरम हवेला एवढी उंची गाठायला बरीच धडपड करावी लागते. डोंगरावरची हवा तिथूनच निघते.

रात्री सगळं उलट. उतार थंड होतो, हवा जड होऊन खाली घसरते, दरीत साठते. ही उलटी बाजू बाजूला ठेवायची नाही. पुढे व्हेनेझुएलातल्या माराकायबो तळ्याचं चित्र आहे, त्यात तीच मुख्य आहे.

१५ ऑक्टोबर

कालच्या चित्राला लेहचं उदाहरण जोडलं. २०१० च्या ५ आणि ६ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री लेहवर जो पाऊस कोसळला, त्यातली वादळं तिबेटच्या पठाराच्या बाजूने आली होती. दिवसा तापलेल्या उंच जमिनीवर ती उठली, एकत्र आली, पठाराच्या कडेशी पोहोचली आणि तिथे खालून चढणारी बाष्पाने भरलेली हवा त्यांच्या हाती लागली. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या, एरवी पर्जन्यछायेत राहणाऱ्या कोरड्या प्रदेशात हे झालं. पर्जन्यछाया असली की वादळाचं भय नाही, असं मानणाऱ्यांसाठी हे उदाहरण छापलंच पाहिजे.

२१ ऑक्टोबर

वारा डोंगर ओलांडतो की अडतो? हे ठरवण्यासाठी फ्रूड अंक. वाऱ्याचा वेग भागिले (हवेची स्थिरता गुणिले डोंगराची उंची). अंक १ पेक्षा बराच मोठा असेल तर हवा डोंगर सहज चढून जाते. बराच लहान असेल तर ती अडते, मागे तुंबते किंवा रांगेच्या कडेने वळते.

स्थिरता कशी काढायची तेही दाखवलं. दर किलोमीटरला विभव तापमान (हवा खाली जमिनीच्या दाबाला आणली तर तिचं जे तापमान होईल ते) ३ अंशांनी वाढत असेल, तर गुरुत्वाकर्षणाचे ९.८ भागिले केल्व्हिनमधलं तापमान ३००, गुणिले ०.००३, आणि त्याचं वर्गमूळ. उत्तर जवळजवळ ०.०१ येतं. आता वारा सेकंदाला १० मीटर धरला तर:

१,००० मीटरची रांग: १०/(०.०१×१,०००) = १
३,००० मीटरची रांग: ०.३३

सह्याद्री पहिल्या ओळीत बसतो, अगदी काठावर. वारा जोराचा असेल, हवा ढगाळ असेल (बाष्पाचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेमुळे ढगाळ हवेची स्थिरता कमी होते), तर मोसमी वारे घाटमाथा ओलांडतात. वारा मंदावला की हवा अडते, आणि अडलेली हवा रांगेच्या पश्चिमेला, कोकण किनाऱ्याच्या आणि समुद्राच्याही वर, मागून येणाऱ्या हवेला उचलू लागते. ग्रॉसमन आणि डुरान यांनी १९८४ मध्ये नेमकं हेच मांडलं: किनाऱ्यापासून दूर समुद्रावर दिसणाऱ्या पावसाळी ढगांमागे सह्याद्रीने अडवलेला प्रवाह असू शकतो. जेमतेम हजार-बाराशे मीटरची रांग, आणि तिचा हात समुद्रात लांबवर पोहोचलेला. चित्रात समुद्राची बाजू अर्ध्याहून जास्त ठेवायची, डोंगर उजव्या कडेला.

हिमालयाला ही काठावरची स्थिती लागू नाही. तिथे खालची हवा ओलांडून जाण्याचा प्रश्नच येत नाही. बंगालच्या उपसागरावरून उत्तरेकडे निघालेले वारे पायथ्याशी अडतात आणि रांगेला समांतर, गंगेच्या मैदानावरून वायव्येकडे वळतात. वायव्य भारतापर्यंत बंगालच्या उपसागराचं बाष्प पोहोचतं ते या वळणामुळे.

२२ ऑक्टोबर

फ्रूड अंकावरून एकाने विचारलं, एवढा जड भाग शाळेच्या संचात कशाला? ठेवायचा. भागाकार तर आहे. एका भागाकारात सह्याद्री आणि हिमालय यांच्या स्वभावातला फरक दिसतो, तो चार परिच्छेदांत सांगूनही दिसत नाही.

२८ ऑक्टोबर

आज संचातलं सर्वांत महत्त्वाचं चित्र हाती घेतलं: झाकण.

उंच, कोरडं पठार घ्या. दिवसभर तापलं, की त्याच्यावरची हवा कित्येक किलोमीटरपर्यंत ढवळली जाते आणि तिचं तापमान दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी उतरू लागतं. वरच्या वाऱ्यांनी ही हवा पठाराच्या कडेपलीकडे वाहत नेली. खाली सखल मैदान, आणि मैदानावर समुद्राकडून आलेली दमट हवा. पठारावर जमिनीलगत होती ती गरम कोरडी हवा आता मैदानाच्या डोक्यावर दीड किलोमीटरवर तरंगते आहे. हेच झाकण. हवामानशास्त्रज्ञही त्याला कॅप म्हणतात.

गणित. पठार १,५०० मीटर उंच, तिथली हवा २६ अंश. मैदानावर आपली नेहमीची हवा: ३० अंश, ढगाचा पाया १,००० मीटरवर. पायापर्यंत दर किलोमीटरला ९.८ अंश आणि त्यापुढे सोयीसाठी ५ अंश घट धरली.

१,५०० मीटरवर: मैदानातून चढवलेली हवा १७.७, पठाराची हवा २६. चढणारी हवा ८.३ अंशांनी थंड.
२,५०० मीटरवर: १२.७ आणि १६.२. अजूनही थंड.
३,५०० मीटरवर: ७.७ आणि ६.४. आता ती गरम.
४,५०० मीटरवर: २.७ आणि उणे ३.४. तब्बल ६.१ अंशांनी गरम.

हा तक्ता चित्राच्या मध्यभागी हवा. एकच थर सुमारे ३,२०० मीटरच्या खाली वाट अडवतो आणि त्याच्या वर चढणाऱ्या हवेला जोर देतो. पठारावरून आलेली हवा खाली तुलनेने गरम आणि वर तुलनेने थंड असते, म्हणून या दोन्ही गोष्टी तिच्याकडून होतात.

खालचा अडथळा फोडायला लागणारी ऊर्जा काढली. दर किलोला सुमारे २४० ज्यूल येते. नुसत्या धक्क्याने तो फोडायचा, तर हवेला सेकंदाला २२ मीटर वेगाने वर जावं लागेल. उतार देतो अर्धा मीटर. म्हणजे धक्क्याने ते होणारच नाही.

मग होतं कसं? दोन वाटा. एक, दिवसभराच्या उन्हाने मैदानाची हवा तापत जाते आणि अडथळा खालून झिजतो. दुसरी, आणि डोंगराची म्हणावी अशी: जिथे हवा सतत वर उचलली जाते तिथे झाकणाचा थरच सबंध वर चढतो, आणि चढताना दर १०० मीटरला जवळजवळ एक अंशाने थंड होतो. अर्धा मीटर वेग फार नव्हे, पण तो थांबत नाही. दोन हजार सेकंदांत, म्हणजे अर्ध्या तासाहून थोड्या जास्त वेळात, थर एक किलोमीटर वर जाऊ शकतो. तेवढ्याने झाकण पार विरतं.

वादळं डोंगराजवळच का उठतात, या ९ तारखेच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. डोंगर वादळाला शक्ती देतो ती ढकलून नाही. त्याच्या पठारावरची हवा दमट हवेला दुपारपर्यंत दाबून ठेवते, त्यामुळे बाष्प आणि उष्णता किरकोळ ढगांत खर्च न होता साठत जाते. आणि ते कुठे आणि कधी सुटणार, हेही बहुतेक वेळा डोंगरच ठरवतो. झाकण नसतं, तर दुपारभर ठिकठिकाणी छोट्या सरी पडून हवा शांत झाली असती.

२९ ऑक्टोबर

झाकणाची खरी ठिकाणं नकाशावर मांडली.

उत्तर अमेरिकेचं मध्य मैदान. नैर्ऋत्येला मेक्सिकोचं आणि अमेरिकेच्या वाळवंटी भागाचं पठार, पश्चिमेला रॉकी, दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. वसंतात आखाताची दमट हवा खालून उत्तरेकडे जाते, पठाराची कोरडी हवा वरून तिच्यावर पसरते. दोन्हींच्या सीमेवर, जमिनीवर, बाष्पाचं प्रमाण काही किलोमीटरांत झपाट्याने बदलतं. ती शुष्करेषा. वादळं बऱ्याचदा तिच्यालगत उठतात. खाली दक्षिणेचा वारा आणि वर पश्चिमेचा, म्हणजे उंचीनुसार वारा वळतो. सुपरसेल वादळांना, म्हणजे आतला वर चढणारा प्रवाह स्वतःभोवती फिरत असलेल्या मोठ्या वादळांना, फिरकी मिळते ती यातून. अमेरिकेत वर्षाला हजाराहून जास्त टोर्नेडो नोंदले जातात, त्यामागे ही सगळी भूरचना आहे.

बंगाल. खाली उपसागराची दमट हवा, वर छोटा नागपूरच्या पठाराकडून आणि त्याही पश्चिमेकडून येणारी तापलेली कोरडी हवा. मार्च ते मे या काळात येणारी कालबैशाखी, म्हणजे तिथली उन्हाळी गडगडाटी वादळं, ती याच जोडीतून. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात झालेल्या टोर्नेडोत सुमारे १,३०० माणसं दगावली. टोर्नेडोच्या नोंदलेल्या इतिहासात एवढी जीवितहानी दुसऱ्या कुठल्या एका टोर्नेडोत झालेली नाही. टोर्नेडो म्हणजे अमेरिका, अशी समजूत असलेल्या वाचकाने हे वाचायला हवं.

वायव्य हिमालयाचा पायथा. अरबी समुद्राची दमट हवा खालून येते, अफगाणिस्तानच्या डोंगराळ पठारावरची कोरडी हवा वरून. पायथ्याच्या पहिल्या टेकड्यांनी खालची हवा उचलली, की झाकण तिथेच फुटतं. हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट हाउझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीआरएमएम या उष्णकटिबंधातला पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावरच्या रडारच्या नोंदींतून दाखवलं, की मोसमी काळात दक्षिण आशियातले सर्वांत उंच, सर्वांत तीव्र ढग या कोपऱ्यात उठतात. पूर्व हिमालयात पाऊस जास्त पडतो, पण तिथले ढग पसरट असतात. जास्त पाऊस आणि जास्त तीव्र वादळ एकाच जागी असतातच असं नाही.

४ नोव्हेंबर

अर्जेंटिना. अँडीजच्या पूर्वेला, मुख्य रांगेपासून सुटी उभी असलेली कोर्दोबाची सिएरा रांग. सर्वांत उंच शिखर तीन हजार मीटरच्याही खाली. अँडीजने अडवलेले आणि दक्षिणेकडे वळवलेले ॲमेझॉनचे दमट वारे इथवर येतात, वरून अँडीज ओलांडलेली कोरडी हवा येते, आणि या लहान रांगेच्या उतारांवर वादळ सुरू होतं. मोठ्या रांगेने साहित्य जमवलं, लहान रांगेने सुरुवात केली. २०१८-१९ मध्ये रेलाम्पागो ही मोठी संशोधन मोहीम इथे झाली.

विजेच्या नोंदींमुळे चित्राला आणखी वजन आलं. जागतिक हवामान संघटनेने मान्य केलेली सर्वाधिक काळ टिकलेली वीज १७.१ सेकंदांची, १८ जून २०२० रोजी उरुग्वे आणि उत्तर अर्जेंटिनावर. सर्वाधिक लांबीची ८२९ किलोमीटर, २२ ऑक्टोबर २०१७ रोजी, पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत. दोन्ही ठिकाणं मैदानी. आणि दोन्ही एका उत्तर-दक्षिण महापर्वताच्या पूर्वेला. एवढ्या लांब विजेला शेकडो किलोमीटर पसरलेला एकसंध वादळी ढग लागतो, आणि असे ढग जगात जिथे वारंवार बनतात ती ही दोन मैदानं.

या दोन्ही जागांचे नकाशे शेजारी शेजारी छापायचे. रॉकी आणि अँडीज एकाखाली एक दिसले, की शिक्षकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

५ नोव्हेंबर

मैदानावर रात्री वादळ का? उत्तर अमेरिकेच्या मध्य मैदानात उन्हाळ्यातला पाऊस मोठ्या प्रमाणावर रात्री पडतो. एक कारण प्रवासाचं: दुपारी चारला रॉकीवर उठलेली वादळं सेकंदाला १५ मीटरने, म्हणजे ताशी ५४ किलोमीटरने पूर्वेला निघाली, तर रात्री दोनला ५४० किलोमीटरवर असतात. दुसरं कारण रात्रीचा खालचा झोत. सूर्यास्तानंतर जमिनीचं घर्षण वरच्या थरापासून तुटतं आणि काही शे मीटरवर दक्षिणेचा वारा जोर धरतो. ब्लॅकाडर यांनी १९५७ मध्ये त्याचं स्पष्टीकरण दिलं. मैदान रॉकीकडे हळूहळू चढत जातं, त्या उताराच्या तापण्या-निवण्याचाही त्यात हात असतो, हे होल्टन यांनी १९६७ मध्ये मांडलं. झोत बाष्प पुरवतो, वादळ रात्रभर जगतं.

११ नोव्हेंबर

माराकायबो, व्हेनेझुएला. जगात सर्वाधिक विजा पडतात ती जागा: दर चौरस किलोमीटरला वर्षाला सरासरी २३३. तळ्याच्या तीन बाजूंना अँडीजच्या फाट्यांनी वेढा घातलेला. दिवसा वारे डोंगराकडे जातात. रात्री डोंगर थंड होतात, उतारांवरून हवा खाली घसरते आणि तिन्ही बाजूंनी येऊन गरम तळ्यावर भिडते. वरची हवा दमट, तळं उबदार, आणि हवेला वर जाण्यावाचून वाट नाही. वर्षातल्या बहुतेक रात्री विजा.

१४ तारखेच्या चित्रात हवा माथ्यावर भिडते, इथे दरीत. तीच यंत्रणा, रात्रीची.

१७ नोव्हेंबर

ज्यासाठी हा संच लोकांपर्यंत पोहोचावा असं मनापासून वाटतं, ते चित्र आज: न हलणारं वादळ.

गणित आधी. वादळाची रुंदी २० किलोमीटर, पावसाची तीव्रता तासाला ७५ मिलिमीटर. वादळ सेकंदाला १५ मीटरने सरकत असेल, तर एका जागेवरून ते बावीस मिनिटांत निघून जातं. पाऊस सुमारे २८ मिलिमीटर. तेच वादळ तसंच चार तास एका जागी उभं राहिलं तर ३०० मिलिमीटर. ढग तोच, तीव्रता तीच. फरक फक्त हलण्याचा.

३१ जुलै १९७६, कोलोरॅडोतली बिग थॉम्पसन दरी. खालच्या थरात पूर्वेचा दमट वारा सतत डोंगराच्या उतारावर चढत होता. वरच्या थरात वादळाला पुढे नेणारा वारा फार मंद होता. वादळ उतारावरच उभं राहिलं, काही भागांत सुमारे चार तासांत ३०० मिलिमीटर पाऊस झाला. अरुंद दरीतून पाणी आलं आणि १४० हून जास्त माणसं गेली. त्याआधी चार वर्षं, ९ जून १९७२ रोजी, दक्षिण डकोटात ब्लॅक हिल्सच्या उतारावर असंच झालं. रॅपिड सिटी आणि परिसरात २३८ मृत्यू.

थंड हवेच्या आघाड्या सरकतात. वादळातून सुटलेले थंड झोतही सरकतात. हवा उचलणाऱ्या गोष्टींमध्ये डोंगर तेवढा जागचा हलत नाही. त्याच्या अर्धा मीटर वेगाचं बळ आणि धोका या स्थिरपणात आहे. त्यात उतार तीव्र, माती पातळ, दऱ्या अरुंद, म्हणून पडलेलं पाणी तासाभरात नदीत येतं. धोका ओळखण्यासाठी ढग किती काळा आहे हे बघणं पुरत नाही. तो सरकतो आहे का, हे बघावं लागतं. हे वाक्य टिपणात ठळक अक्षरांत.

१८ नोव्हेंबर

रांगेच्या आडोशाला तयार होणारी आवर्तं, म्हणजे कमी दाबाभोवती फिरणारी हवा. हवेचा दहा किलोमीटर उंच स्तंभ तीन किलोमीटरच्या पर्वतावर चढला की सात किलोमीटरचा होतो, उतरताना पुन्हा ताणला जातो. ताणला गेला की त्याची फिरकी वाढते. रॉकीच्या पूर्वेला कमी दाबाचे पट्टे बनतात ते यातून. आल्प्सच्या दक्षिणेला जिनोआच्या आखातात बनणाऱ्या आवर्तांत या ताणाला आणखी एका गोष्टीची जोड असते: उत्तरेची थंड हवा आल्प्सपाशी अडते आणि वळसा घालून येते. १९८२ ची आल्पेक्स ही संशोधन मोहीम मुख्यतः यासाठी झाली. रॉकीच्या पूर्वेचा कमी दाब दक्षिणेची दमट हवा ओढून आणतो, म्हणजे झाकणाखालचं बाष्पही अप्रत्यक्षपणे डोंगरच मागवतो. एक लहान चित्र पुरे.

२४ नोव्हेंबर

चक्रीवादळांना एकच पान. डोंगराशी त्यांचं नातं वेगळं आहे. तिथे वादळ आधीच तयार असतं, डोंगर त्यातला पाऊस पिळून काढतो आणि जमिनीलगतचा घुमाव मोडतो. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर ७ आणि ८ जानेवारी १९६६ रोजी, डेनिस चक्रीवादळात, फॉक-फॉक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो जागतिक विक्रम आहे. २००७ मध्ये त्याच बेटावर गामेड वादळात तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर. समुद्रात सरळ उभा राहिलेला ज्वालामुखी आणि त्यावर चक्रीवादळ, असा योग जुळला की असे आकडे येतात. तैवानमध्ये २००९ च्या मोराकोट वादळाने अलिशान इथे काही दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस दिला.

२७ नोव्हेंबर

'डोंगरात टोर्नेडो येत नाही' ही समजूत शिक्षकांशी बोलताना पुन्हा पुन्हा ऐकू येते. म्हणून एक चौकट: २१ जुलै १९८७, वायोमिंगमधल्या टीटन-यलोस्टोन भागात एफ४ दर्जाचा (शून्य ते पाच या मापावर चौथा) टोर्नेडो ३,००० मीटरहून जास्त उंची चढून मुख्य जलविभाजक ओलांडून गेला. उंच डोंगरात थंड, विरळ, कमी बाष्पाची हवा असते म्हणून टोर्नेडो कमी. पण डोंगर म्हणजे भिंत नव्हे.

१ डिसेंबर

दिशेचं पान. उत्तर-दक्षिण रांग आणि पूर्व-पश्चिम रांग यांत जमीन-अस्मानाचा फरक. रॉकीमुळे ध्रुवाकडची थंड हवा मैदानावरून थेट दक्षिणेला उतरते आणि आखाताची हवा थेट उत्तरेला जाते. त्या भेटतात. हिमालय आडवा असल्याने मध्य आशियाची थंड, कोरडी हवा खाली येत नाही. २०१० मध्ये बूस आणि कुआंग यांनी संगणकीय प्रतिमानात तिबेटचं पठार काढून फक्त अरुंद हिमालय ठेवला, तरी दक्षिण आशियाचा मोसमी पाऊस बराचसा तसाच राहिला. तापलेलं पठार महत्त्वाचं की आडवी उभी राहिलेली रांग, यावर तेव्हापासून जोरात चर्चा आहे. पानावर दोन्ही बाजू द्यायच्या. माझा कल रांगेकडे आहे, आणि तसं टिपणात लिहिलंही आहे.

६ डिसेंबर

छपाईआधी प्रमाणाचा प्रश्न. सगळ्या छेदचित्रांत उंची वाढवून दाखवली आहे, नाहीतर काही दिसत नाही. १:२० चा उतार खरा काढला तर सपाटच वाटतो. पण वाढवलेल्या उंचीमुळे डोंगर राक्षसी दिसतो, आणि पहिल्या दिवशी ज्या समजुतीबद्दल लिहिलं ती परत मागच्या दाराने आत येते.

म्हणून प्रत्येक चित्राखाली खऱ्या प्रमाणाची एक पट्टी. कागद ६० सेंटिमीटर रुंद, त्यात ३०० किलोमीटर. म्हणजे एक किलोमीटरला दोन मिलिमीटर. तीन किलोमीटरची रांग सहा मिलिमीटर. पंधरा किलोमीटरचा वादळी ढग तीन सेंटिमीटर, रांगेच्या पाचपट. पठारावरून आलेल्या हवेचा झाकणाचा पट्टा पाऊण सेंटिमीटरही भरत नाही, पण तो कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो.

पट्टीचा पहिला नमुना काढून बघितला. रेघा बारीक आहेत, छपाईत पुसट होतील. झाकणाचा थर रंगात घ्यावा लागेल, बाकी सगळं काळ्या रेघेत चालेल.